नियम क्रमांक चौदा

शेखर देवरे साहेब सातपूरच्या एका कारखान्याचे जनरल मॅनेजर आणि आमच्या जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेचे अध्यक्ष. मी सचिव, पेशाने पीटीचा मास्तर. साहेबांनी कारखान्याची शिस्त संघटनेत आणली, म्हणजे पाणी प्यायलासुद्धा नियम आला. त्यात साहेबांना स्वतःला पळायचं वेड. पाच वर्षं आमची मॅरेथॉन धावले आणि पाचही वर्षं तीस किलोमीटरनंतर जीपमध्ये बसले.

नियम क्रमांक चौदा त्यांचाच. एका वर्षी एक म्हातारा धावक पोहोचला, तेव्हा पाहुणे गेलेले आणि मंडपवाला खांब उपटत होता. साहेबांना ते फार लागलं. तेव्हापासून शेवटचा धावक येईपर्यंत, किंवा बाद होईपर्यंत, मंडपाचा खांब हलायचा नाही आणि एकाही प्रमाणपत्रावर अध्यक्षांची सही नाही. नियम चांगला होता. शेवटचा धावक अध्यक्षच निघेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

२००४ साली साहेबांनी जीपच रद्द केली. "यंदा पूर्ण करणार," म्हणाले.

सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावरून दौड सुटली. पेठकडची कुसाबाई गावित पावणेदहाला बायकांत पहिली आली. अकरापर्यंत साहेब सोडून सगळे आले. कुसाबाई माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, माझी येष्टी साडेबाराची. आमच्या पाड्याला दुसरी नाय. घरी अंगावर पिणारं पोर हाय."

"मग जा की."

"उद्या आश्रमशाळेत मुलाखत हाय, खेळाच्या बाईची जागा. सही नसलेला कागद कोण घेईल?"

मी तिला नियम क्रमांक चौदा वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला. मलाच लाज वाटली. निकालाची आणि प्रमाणपत्रांची फाइल घेतली, तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि त्र्यंबक रोडला लागलो.

साहेब सातपूरला, त्यांच्याच कारखान्याच्या गेटसमोर सापडले. एक पाय ओढत होते. वॉचमन सलाम ठोकून उभा होता. अजून पाच किलोमीटर बाकी होते. मी सगळं सांगितलं आणि पेन पुढे केलं.

"नियम मोडून सही करू?" साहेब म्हणाले. "मग उद्या कुणीही करेल."

कुसाबाई स्कूटरवरून उतरली. "चला साहेब, मी संगं चालते," म्हणाली. बेचाळीस किलोमीटर पळून आलेली बाई त्यांच्या बरोबरीने चालू लागली. शंभरेक पावलं दोघं गेली. साहेबांनी विचारलं, "पोर केवढं?"

"दहा महिन्यांचं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी. मग ते तिथेच फूटपाथवर बसले.

"सचिव, लिहा. शेखर देवरे, बाद."

मी लिहिलं. शेवटचा धावक निकालात निघाला. त्यांनी आधी त्या नोंदीवर सही केली, मग कुसाबाईच्या प्रमाणपत्रावर. सही नेहमीसारखीच टापटीप होती. मी तिला घेऊन सीबीएसचा एसटी स्टँड गाठला. गाडी सुटायला चार मिनिटं होती.

मैदानावर परतून शेवटचा धावक बाद झाल्याचं सांगितलं, तसं मंडपवाल्याने काम सुरू केलं. नियमाप्रमाणे त्याला मोकळीक होती. एकच्या सुमाराला गेटातून साहेब आले, चालत. शेवटची, चुन्याच्या फक्कीची रेष तेवढी उरली होती. ती त्यांनी ओलांडली.

"गाडी मिळाली तिला?"

"मिळाली."

रेषेकडे वळून बघत म्हणाले, "वेळ?"

खिशातलं स्टॉपवॉच मी बंद केलंच नव्हतं. "सहा तास, अठ्ठावन्न मिनिटं."

"बाद माणसाला वेळ नसते. लिहू नका."

मी लिहिली नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.