शेपटी तोडणारं रसायन

पायलला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू निघाला. बारामतीच्या डॉक्टरांनी समजावलं, की हा विषाणू बाळंतपणात बाळाला लागू शकतो आणि तान्ह्या वयात लागला तर बहुधा जन्मभर राहतो. विषाणू कमी करायची रोजची गोळी सुरू झाली. सणसरला तिच्या आईला, केसरबाईंना, हे कळलं तसा त्यांनी पुण्याला थोरल्या लेकीला फोन लावला.

थोरली तेजश्री एका प्रयोगशाळेत याच विषाणूवर काम करत होती. आपलं काम तिनं आईला मागे एकदा सांगितलं होतं. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असलं की आरएनएचा निरोप निघतो. त्या निरोपाला शेपटी असते, ‘ए’ हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन बनलेली. पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ती कुरतडत राहतात. शेपटी संपली की निरोपही मोडीत निघतो. हा विषाणू मात्र पेशीच्याच एका विकराला हाताशी धरतो आणि आपल्या शेपटीत मधूनच वेगळं अक्षर घालून घेतो. कुरतडणारं विकर तिथं अडखळतं, निरोप टिकतो. ते अक्षर घालू न देणारं रसायन तेजश्रीकडं होतं. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते टाकलं की विषाणूचे निरोप भराभर नाहीसे व्हायचे.

केसरबाईंच्या लक्षात शेवटचं तेवढंच राहिलं होतं.

“तुझ्याकडं औषध हाय. बहिणीला दे की.”

ते औषध नाही, असं तेजश्रीनं सांगितलं. त्या जातीच्या रसायनांनी प्राण्यांच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. पोटातल्या बाळाचं काय होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. केसरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मग येवढी वर्सं शिकून काय केलंस?” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर प्रयोगशाळेतला फ्रीजर उघडला की तेजश्रीची नजर त्या रसायनाच्या कुपीवर जायची. कुपी तिनं बाहेर काढली नाही. पण उद्या बाळाला लागलंच, तर आईसमोर कोणत्या तोंडानं जायचं, हे काही तिच्या मनातून जाईना.

बाळंतपण बारामतीत करायचं ठरलं होतं. जन्मल्याबरोबर द्यायची लस आणि तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडींचं, इंजेक्शन तिथं आणून ठेवलं होतं. तेजश्री त्यासाठीच रजा काढून सणसरला आली. पण इंदापूरला सासरी पायलच्या कळा अचानक सुरू झाल्या आणि बारामती गाठायला वेळच उरला नाही. दुपारी तिच्या नवऱ्याचा, बुद्धघोषचा, फोन आला. इंदापूरच्याच दवाखान्यात मुलगी झाली होती. लस तिथं मिळाली, इंजेक्शन मात्र नव्हतं.

तेजश्री आईला घेऊन जीपनं बारामतीला गेली आणि बर्फाच्या डब्यात इंजेक्शन घेऊन इंदापूरच्या वाटेला लागली. गळीत हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्यांमागं जीप रांगत होती. इंजेक्शन जन्मापासून बारा तासांत द्यायचं होतं, वेळ हातात होता, हे तिला माहीत होतं. तरी चाकावरचा एक हात काढून ती सारखी डब्याचं झाकण चाचपत होती. केसरबाईंनी तो डबा हळूच आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“मी धरते. तू रस्ता बघ.”

इंदापुरात नर्सनं बाळाच्या मांडीत सुई टोचली. पोरगी रडली. केसरबाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

लसीचे पुढचे डोस वेळेवर झाले, तरी खरं काय ते शेवटच्या तपासणीतच कळणार होतं. तोवर बाळाचे डोळे जरा पिवळे वाटले की पायल तेजश्रीला फोटो पाठवायची. अखेर पोरगी रांगायला लागल्यावर रक्त तपासलं. विषाणू नव्हता, संरक्षण तयार झालं होतं.

पायल फोनवर आधी रडली, मग तिनं विचारलं,

“आन् माझं, ताई?”

“तुझ्यात हाय अजून. गोळी सोडू नकोस,” तेजश्री म्हणाली. “त्या रसायनाचं आमी बघतोय.”

पायलनं बरं म्हटलं आणि पोरीला भरवायला गेली.