मेण वाळेपर्यंत

"आवं, लग्नाला चाळीस वर्सं झाली, पन माझ्या तोंडावरनं कधी येवढ्या हळू हात फिरवला न्हाई तुमी," दगडाबाई उंबऱ्यातून म्हणाली.

"तुला मेन लावायची सोय न्हाई," सूर्यभान म्हणाला आणि त्याने फडकं पिळलं.

बादली एकच होती. दहा लिटर पाणी आणि त्यात पुण्याच्या लेकीने, पंकजाने, धाडलेल्या बाटलीतलं एक झाकण औषध. औषधच म्हणायचा तो त्याला. ना फेस, ना नंतर पाणी ओतायची भानगड. सहा फडकी त्यात भिजत घालायची, एक काढून चौपदरी घडी करायची आणि गाडीच्या टपापासून खाली एका रेषेत ओढायची. गेलेला हात माघारी आणायचा नाही. घडीची एक बाजू मळली की दुसरी उलटायची. गोल गोल घासलं की धुळीतला खडा रंगावर ओरखडा काढतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे. पारनेरच्या त्या माळावर टँकर दिवसाआड यायचा, तोही मर्जी असली तर. तिथे एका बादलीत गाडी लख्ख करायची म्हणजे तांब्याभर पाण्यात लग्नाचं वऱ्हाड आंघोळीला घालण्यासारखंच होतं.

एकतीस वर्षं सूर्यभानने एसटी चालवली. तिच्या पत्र्यावर लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारल्या, खिडकीतून ओकाऱ्या काढल्या, सीटखाली कोंबड्या डांबल्या. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्याने ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी तिच्या टपावर हात ठेवून जाहीर केलं, "हिच्यात कोनी ओकनार न्हाई."

मग गाडीच्या गोष्टी निघाल्या, आणि त्या गाडीपेक्षा जोरात पळायला लागल्या. एक कावळा म्हणे बॉनेटवर उतरला, खाली दुसरा कावळा बघून दिवसभर त्याच्याशी भांडला आणि चोच बोथट करून घरी गेला. एक माशी टपावर बसायला गेली ती घसरत थेट डिकीपर्यंत आली आणि तिची कंबर मोडली. शेजारची भागूबाई तर भर पंगतीत सांगायची, "दातात मेथीची काडी आडकली ना बाई, की मी सूर्यभानभाऊजींच्या दारात जाऊन हुबी ऱ्हाती. आरसा कशाला पायजे?" या गोष्टींचा मूळ कारखाना खुद्द सूर्यभानच. अर्ध्या त्यानेच सोडलेल्या.

त्यातलीच एक नवरदेवाची. जीपवाल्या सुनीलच्या भावाचं लग्न होतं, तेव्हा माणसं गाडी मागायला आली. सूर्यभान हसत म्हणाला, "देतो, पन नवरदेवाला पोत्यात घालून आना. सीटला हळद लागंल." गाडी त्याने दिली, स्वतः चालवत नेली, वर आहेरही केला. पण गोष्ट सांगताना हा पुढचा भाग कोणी सांगत नसे. माणसं पोत्यापाशीच हसून घेत. हळूहळू वस्तीवरचा नियमच झाला, की तात्याची गाडी बघायची, तिला हात लावायचा नाही.

त्या दिवशी धुणं उरकून तो मेणाला लागला होता. एरवी तो एकेक भाग घ्यायचा. बॉनेटला पातळ हात मारायचा, धुकं पडल्यासारखं पांढुरकं दिसायला लागलं की कोरड्या फडक्याने पुसायचं, मगच पुढचा भाग. पण रविवारी पंकजा यायची होती, म्हणून घाईने त्याने बॉनेट आणि पुढची दोन्ही दारं एकदमच माखली. वैशाखाचं ऊन पत्र्याच्या शेडखाली शिरायला लागलं होतं. मेण वेळेत पुसलं नाही तर चुन्यासारखं धरून बसतं.

सव्वानऊला फाटकापाशी भागूबाईचा वाल्मिक येऊन उभा राहिला. फाटक उघडं होतं, तरी आत आला नाही.

"मेन चाललंय व्हय तात्या?"

"व्हय. ये की आत."

"न्हाई, हितं बरं हाय." त्याने उगाच फाटकाची कडी हलवून बघितली. "आईला जरा बरं वाटंना."

"काय झालं वैनीला?"

"छातीत जळजळ हुतीया पहाटपास्नं. घाम लई आलाय. पित्त आसंल. रात्री हुलग्याची शेंगोळी खाल्ली तिनं."

सूर्यभानचा हात थांबला. नगरच्या स्टँडवर त्याचा कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन असाच घामाघूम बसला होता आणि पित्ताची गोळी मागत होता. गोळी आणेपर्यंत तो राहिला नाही. हा घाम सूर्यभानला ओळखीचा होता. त्याने वाल्मिककडे बघितलं, आणि मग बॉनेटकडे बघितलं.

"येवढं पुसून घेतो आन् काढतो गाडी. धा मिंटं."

आता या माळावरची रीत अशी, की मागणारा मागत नाही. तो दारात उभा राहून नुसतं दुखणं सांगतो. घरवाल्याने काही म्हटलं, की त्याने "राहू द्या" म्हणायचं. त्यावर घरवाल्याने चिडायचं, दोन शिव्या द्यायच्या, आणि दंडाला धरून त्याला पुढे घालायचं. शिव्या मिळाल्याशिवाय मदत घेणं बरं दिसत नाही. सगळ्यांना पाठ असलेली ही रीत.

वाल्मिकने आपलं वाक्य बरोबर म्हटलं. "न्हाई न्हाई, राहू द्या तात्या. सुनीलला फोन केलाय. बाजारात माल उतरवून निघतोच म्हनला. तुमचं मेन खराब हुईल."

आता सूर्यभानची पाळी होती. शिवी अगदी जिभेवर आली होती. पण डाव्या दारावरचं मेण कडेने पांढरं पडायला लागलं होतं, आणि जीप तर येतच होती.

"बरं," तो म्हणाला. "लागलं तर हाक मार."

वाल्मिकने मान हलवली आणि तो निघाला. पळाला नाही. पळाला असता तर तात्यावर रागावल्यासारखं दिसलं असतं. बांध ओलांडून नजरेआड झाल्यावर मात्र त्याच्या पायांचा आवाज बदलला. तो आवाज सूर्यभानला ऐकू आला, आणि त्याने पुसायला घेतलं.

"कोन हुतं?" दगडाबाईने आतून विचारलं.

"वाल्मिक. वैनीला पित्त झालंय."

"मग?"

"जीप येतीय."

दगडाबाई बाहेर आली. हातातलं सूप तिने ओट्यावर ठेवलं, नवऱ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता पदर खोचून ती बांधाकडे चालायला लागली. तिचं न बोलणं चाळीस वर्षांत सूर्यभानने दोनदाच ऐकलं होतं.

मेण धरायला लागलं होतं, दहा मिनिटांत उरकणारं नव्हतं. बॉनेट झालं. उजवं दार झालं. डाव्या दाराला हात घातला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण गोल गोल घासतोय. तेव्हा कुठे त्याने फडकं टाकलं, चावी घेतली आणि गाडी बाहेर काढली.

भागूबाईच्या अंगणात जीपची धूळ अजून खाली बसली नव्हती. दगडाबाई एकटीच उभी होती.

"आत्ताच नेली," ती म्हणाली. "शुद्ध न्हाई तिला."

तो मागोमाग निघाला. हा रस्ता त्याच्या हातापायांना पाठ होता. कुठे खड्डा आहे, कुठे खडी वर आली आहे, कुठल्या वळणावर शेरडं आडवी येतात, सारं. वस्तीपासून पारनेरचं सरकारी हॉस्पिटल अकरा किलोमीटर. एसटी घेऊन पंचवीस मिनिटं, या गाडीने अठरा.

सहाव्या किलोमीटरला जीप रस्त्याच्या कडेला उभी दिसली. चारी दारं उघडी होती. सुनील बॉनेटला टेकून, पाठ फिरवून उभा होता आणि इंजिन बंद होतं. मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन वाल्मिक बसला होता. त्याने तिच्या तोंडावरचा घाम टॉवेलने पुसला, मग गळ्यावरचा पुसला, मग पुन्हा तोंडावरून टॉवेल फिरवला. घाम केव्हाच थांबला होता.

सूर्यभान गाडीतून उतरला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सव्वानऊ आणि अठरा मिनिटं म्हणजे नऊ तेहतीस. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस तो, त्याला कागदपेन्सिल लागली नाही. त्या दिवशी त्याने हा हिशेब बऱ्याचदा केला, आणि उत्तर काही बदललं नाही.

कोणी त्याला बोललं नाही. मातीला आलेल्या पाहुण्यांना वाल्मिक आपणहून सांगत होता, "तात्या गाडी काढतो म्हनले हुते. मीच नको म्हनलो." एकदा नाही, चारदा सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "तिची येळ भरली हुती," कोणी म्हणालं. सूर्यभान खाली मान घालून बसला होता. कोणी उठून त्याला शिव्या घातल्या असत्या, तर त्याने त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

गाडी तशीच उभी राहिली. तिच्यावर धूळ बसली, शेजारच्या शेळीने टायरला अंग घासलं. डाव्या दारावर मेणाचे ओघळ कोडासारखे पांढरे धरून राहिले. रात्री पंकजाचा फोन आला, तेव्हा दगडाबाईने तिला ओघळांचं सांगितलं. "पप्पा, त्याच्यावर पुन्हा ताजं मेण लावलं ना, की जुनं सुटतं," ती म्हणाली. "आसू दे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी प्रवरासंगमला न्यायच्या होत्या, नव्वद किलोमीटर. सूर्यभानने कोणाला विचारलं नाही. गाडी काढली, भागूबाईच्या दारात नेऊन लावली, खाली उतरून चारी दारं उघडली आणि बाजूला उभा राहिला. वाल्मिकने सुनीलकडे बघितलं. सुनीलने जीपची चावी खिशात टाकली.

वाल्मिक लाल फडक्यात बांधलेलं गाडगं घेऊन आला. मागून त्याची बायको आरती आली, आणि भागूबाईचा थोरला भाऊ कानिफनाथ, ऐंशीचा म्हातारा, काठी टेकत. गाडीपाशी येऊन तिघंही थांबली. आरतीने पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीकडेला ठेवल्या. वाल्मिकने एका हाताने गाडगं सांभाळत आपल्या काढल्या. म्हाताऱ्याला वाकता येईना, तेव्हा आरतीने बसून त्याच्या पायातले जोडे काढून घेतले.

"आरं, घाला त्या," सूर्यभान म्हणाला. "संगमावर वाळू तापल्याली आसती. पोळंल."

"राहू द्या तात्या," वाल्मिक समजावणीच्या सुरात म्हणाला. "मसनवट्यातनं आलोय, राख हाय तळाला. गाडी किती निगुतीनं ठिवलीय तुमी. आई लई सांगायची."

ती बसली. सूर्यभानने एकेक दार हलक्या हाताने लावलं आणि गाडी चालू केली. वस्ती मागे पडली, डांबरी लागली. त्याने आरसा जरा खाली वळवला. मागच्या सीटवर म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. प्रत्येक खड्ड्याला त्याचे पाय थरथरत होते, पण खालच्या चटईला त्याने ते टेकू दिले नव्हते.