नुसता हुंकार

लहानपणी उन्मेष शाळेतून आला की दिवसभराचं सगळं आईला सांगायचा आणि ती गप्प राहिली की रुसायचा. म्हणायचा, हुंकार दे ना. तेव्हापासून इंदुमतीबाईंच्या जिभेला ते वळणच पडलं. समोरचा बोलत असला की हो, बरं, हो.

आता पन्नाशीचा उन्मेष गुडगावला राहायचा आणि त्या दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकट्या. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. अलीकडे त्याच्याआधी एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. कंपनीची जाहिरात असेल, म्हणून इंदुमतीबाई तिलाही हो म्हणून टाकायच्या.

रविवारी तो कागद घेऊन आला. फ्लॅट त्याच्या नावावर करायचा आणि आईने नोएडाच्या वृद्धाश्रमात राहायचं. त्यांनी सही करायला नकार दिला, तेव्हा त्याने बहिणीसमोर, संपदासमोर, मोबाइल टेबलावर ठेवला. आधी ती बाई बोलली. मग उन्मेष घराबद्दल, आश्रमाबद्दल सांगत गेला आणि मधेमधे कुकरच्या शिट्टीतून त्यांचाच आवाज आला. हो. बरं. हो.

"ती बाई तेच सांगते, कॉल रेकॉर्ड होतोय," उन्मेष म्हणाला. "तू फोन ठेवला नाहीस. मतलब संमती. वकिलाला विचारलंय मी."

"दुसऱ्या वकिलाला विचार, तो दुसरं सांगेल," संपदा म्हणाली. "आणि आईला इंग्रजी कधीपासून यायला लागलं रे?"

"अरे, मी ऐकत होते फक्त," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तूच ना हुंकार मागायचास?"

उन्मेषला आठवलं नाही. सही न घेताच तो गेला, पण रात्रीच्या आत ते रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर पडलं. पुण्याहून धाकट्या जावेचा फोन आला. वहिनी, शब्द देऊन फिरवायचा नसतो हो, असं तिने गोड आवाजात सुनावलं.

चार दिवसांनी संध्याकाळी उन्मेषचा फोन आला. आधी ती बाई बोलली.

"आई, इशिताला परवापासून ताप आहे. सारखी आजी आजी करतेय."

किती आहे ताप, हा प्रश्न नातीसाठी त्यांच्या ओठांवर आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"आई? ऐकतेयस ना?"

त्या ऐकत होत्या.