हात काढजो गा

मित्रांनो, चिचगडच्या एका लहान भातगिरणीत धान भरडणारा मी जुना हलर. माझे लोखंड जाड आहे, तरी मी भित्रा आहे. मला माझ्याच पट्ट्याची भीती वाटते.

रामबाईने मला गोंदियाहून आणले, हळदकुंकू लावले आणि गिरणी सुरू केली. पहिल्याच वर्षी पट्ट्यातला कोंडा काढताना माझ्याकडून तिची करंगळी गेली. कोणीतरी न बघता बटण दाबले होते. तिने मला बोल लावला नाही. बरी होऊन आली आणि पुन्हा कुंकू लावले. मात्र तेव्हापासून बटण दाबण्याआधी ती म्हणायची, "हात काढजो गा, माय उठून राहिली." मग जरा थांबायची. मौन धरलेल्या उपासाच्या दिवशीही हा नेम चुकला नाही. माय म्हणजे देवी, म्हणून हा मंत्रच असणार, असे सगळ्यांना वाटे. तेव्हा पाळण्यात असलेला तिचा मुलगा तिलक मोठा झाला, त्यालाही तसेच वाटे.

गेल्या वर्षी रामबाई गेली. तिलकने माझ्यावर तिचा फोटो टांगला. रोज उदबत्ती, रोज हार. पण ते बोल बंद झाले. सून योगेश्वरीने विचारले, तर तो हसला, मशीन आयकते का वो, म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी मला पट्ट्याची भीती जास्तच वाटे.

वर्षश्राद्धानंतर गिरणी उघडली, त्या सकाळी फोटोचा हार सुटून पट्ट्यात पडला. तिलक मागून हात घालून तो ओढू लागला. पुढे उभ्या योगेश्वरीला तो दिसत नव्हता. तिने हात जोडले, बटणावर बोट ठेवले. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त फिरता येते.

बोट थांबले. सासूच्या फोटोकडे बघत ती हळूच म्हणाली, "हात काढजो गा, माय उठून राहिली."

"थांब वो," मागून आवाज आला. "हात आत आहे."

योगेश्वरीने बटणावरून बोट काढले. तिलक पुढे आला. मुठीत झेंडूच्या पाकळ्या होत्या. फोटोतल्या चार बोटांच्या हाताकडे त्याने बघितले.

"आई देवीले नाही," तो म्हणाला, "आमालेच सांगत होती."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, कुंकू लावा. पण आधी एक हाक द्या आणि उत्तराला थांबा. आता तिलक रोज हाक देतो. मागून योगेश्वरी "कोणी नाही जी" म्हणेपर्यंत मी श्वास रोखून असतो.