गरम हवेची बाजू

वाइनच्या फ्रिजचं त्या घरात सगळे नीट करत. बाटल्यांना हादरा सोसत नाही, म्हणून त्या खोलीत अनवाणी चालायचं. उजेड सोसत नाही, म्हणून पडदा ओढलेला. मोठ्यानं बोलायचं नाही. ते का, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण बोलत नसत. याच घरात म्हातारा सासरा वर्षभर अंथरुणाला खिळून होता, तेव्हा कुणी चपला काढल्या नव्हत्या. पण सासरा काही परदेशातून आलेला नव्हता.

त्या बुधवारी सकाळीही घरचा धाकटा मुलगा, म्हणजे थोरल्या सुनेचे भाऊजी, दात घासत घासत फ्रिजसमोर येऊन उभे राहिले. दारावरचा आकडा रोज बारा दाखवायचा. आज बावीस दाखवत होता. भाऊजींनी ब्रश तोंडातून काढला.

"वहिनी! तुम्ही याला हात लावलात का?"

"मी कशाला लावू, भाऊजी?" उत्तर भिंतीतून आलं. "मला तर त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. पाठच काय ती दिसते."

हे अक्षरशः खरं होतं.

ती खोली मुळात थोरलीची. घरच तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. धाकट्याला शिकवून, बापाचं औषधपाणी करून जे उरलं त्यातून त्यानं विटेवर वीट चढवली, आणि वारा येतो त्या बाजूची खोली स्वतःला ठेवली. तेवढी एकच चैन. मग एका हिवाळ्यात तो गेला आणि त्याच्यामागे घराची जुनी रीत जागी झाली: नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांत पुढे येऊ नये, शुभकार्यात दिसू नये, पाहुणे आले की आत बसावं. रीत कुणी लिहिली नव्हती, त्यामुळे खोडताही येत नव्हती. खोली वाऱ्याची, गार. वाइनला अगदी मानवेल अशी. घरच्यांनी बसून विचारविनिमय केला. थोरलीही त्या बैठकीला होती. चहा घेऊन आली आणि कप घेऊन गेली.

तिला भिंतीपलीकडची कोठीची खोली मिळाली. खिडकी नाही. "वाइनला उजेड सोसत नाही हो वहिनी," धाकटी जाऊ म्हणाली होती, "तुमचं तसं काही नाही ना." फ्रिज भिंतीतल्या कपाटाच्या जागी घट्ट बसवला. बसवणाऱ्यानं सांगितलं, मागून गरम हवा निघते, तिला वाट द्या. भाऊजींनी दिली. भिंतीला परातीएवढं भोक पाडलं, थेट कोठीत, थोरलीच्या उशीच्या डोक्याशी. गार हवा बाटल्यांना आणि गरम हवा वहिनींना, अशी कुणालाही न दुखावणारी वाटणी झाली.

थंडीत तिनं सोसलं. उन्हाळा लागला तसं तोंडावर फुंकरीसारखं ऊन यायला लागलं, चोवीस तास. शेवटी तिनं ट्रंकेतून नवऱ्याचा लोकरी ओव्हरकोट काढला, दोन खिळ्यांवर त्या भोकावर ताणून टांगला आणि बऱ्याच आठवड्यांनी झोप लागली. फ्रिजचं काय होईल, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. फ्रिजच्याही डोक्यात कधी तिचा विचार आला नव्हता.

दुपारी मेकॅनिक आला तो हसतमुख, बोलघेवडा आणि दर पाच मिनिटांनी खात्री देणारा.

"पहिलं म्हणजे, प्लग लावलेला आहे."

"ते मलाही दिसतंय," भाऊजी म्हणाले.

"हसू नका साहेब, कितीदा तेवढंच असतं." मग त्यानं दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला. कागद घट्ट. तरी रबर बदललं. आतला पंखा फिरत होता, तरी बदलला. थर्मोस्टॅट बदलला. प्रत्येक वेळी टाळी वाजवून म्हणाला, "आता बघा!" आणि सगळ्यांनी बघितलं. आकडा तेवीस झाला.

"आता मात्र मागून बघायला लागेल. बाहेर ओढू?"

"बाटल्या हलतील!" भाऊजींनी फ्रिजपुढे हात पसरले, जसा कुणी लेकराला पोलिसापासून वाचवेल.

"मग पलीकडच्या खोलीतून बघतो. भोक आहे म्हणालात ना?"

भाऊजींनी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. वहिनी माहेरी भावाकडे मजेत असतात, असं त्यांनी बाहेर सगळ्यांना सांगितलेलं होतं. इतक्यांदा सांगितलं होतं की भावाच्या मुलांची प्रगतीही ते अधूनमधून कळवत.

"तिकडे जाता येणार नाही."

"कुलूप आहे?"

"नाही. सामान आहे."

भिंतीपलीकडे सामान शेंगा सोलत बसलं होतं. त्याचे हात थांबले.

"मग माझ्या हातात काही नाही," मेकॅनिक म्हणाला. "एक सांगतो साहेब. फ्रिज गारवा बनवत नाही. गारवा कुणालाच बनवता येत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि पाठीमागे नेऊन टाकतो, बस्स. टाकायला जागा मिळाली तर पुढे गार. मागे तोंड दाबलं की यंत्र आतल्या आत घुसमटतं. नवीन पंखे बसवून काय होतंय?"

थोरलीनं वर मान करून कोटाकडे पाहिलं.

ती लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षं पुढचा दिवाणखाना कसा प्रसन्न राहिला, हे तिला त्या क्षणी एका मेकॅनिकच्या तोंडून कळलं. सासऱ्याची लघवी, धाकटीची दोन बाळंतपणं, पाहुण्यांची उष्टी भांडी, भाऊजींचा राग, सगळं उचलून मागे आणून टाकलेलं होतं. पुढे बारा आकडा स्थिर. आणि शेंगा सोलणाऱ्या या सामानाला कालच धाकटीनं गोड बातमी दिली होती: दुसरा फ्रिज येतोय, त्याला कोठी लागेल. शनिवारची पार्टी झाली की रविवारी वहिनींना दूरच्या गावच्या निराधार बायकांच्या वसतिगृहात सोडायचं. "तिथं सगळ्या तुमच्यासारख्याच. गप्पांना सोबत होईल."

कोट आता काढता आला असता. फ्रिज संध्याकाळपर्यंत गार झाला असता, भाऊजी खूश झाले असते आणि रविवारी तिला सोडताना कदाचित एक थंडगार पाण्याची बाटलीही दिली असती.

थोरली उठली. तिनं कोटाच्या सगळ्या गुंड्या लावल्या. कॉलर वर केली. मग बाहीत एक उशी कोंबली.

"थोडी कळ सोसा," ती नवऱ्याच्या कोटाला म्हणाली. "तुमच्या भावाला या घराची पाठ दाखवायचीये."

शनिवारी संध्याकाळी मोठ्या मॅडम आल्या. भाऊजींच्या ऑफिसात कुणाला वर चढवायचं आणि कुणाला आहे तिथंच वाळवायचं, हे त्या ठरवत. त्यांचेही यजमान काही वर्षांपूर्वी गेलेले. पण त्यांच्यासाठी दोन्ही दारं सताड उघडली, पहिलं पाऊल त्यांचं पडलं, फ्रिजसमोर मांडलेली पहिली खुर्ची त्यांना मिळाली. रीत हुद्दा बघून लागू होते, ही गोष्ट तिथल्या कुणालाही विचित्र वाटली नाही.

बाटली उघडली. मॅडमनी घोट घेतला, आणि चेहरा फार सभ्य केला.

"ही… अशीच पितात का?"

"थोडी कोमट आहे," धाकटी घाईनं म्हणाली.

"थोडी नाही. मला वाटलं सूप आहे."

पाहुणे हसले. भाऊजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. मेकॅनिकला मुद्दाम हाताशी थांबवलेलं होतं. सगळ्या बाटल्या टेबलावर आलेल्याच होत्या, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "मग ओढा ना तो बाहेर. मला यंत्रं बघायला आवडतात." मॅडमना आवडतं म्हटल्यावर भाऊजींना स्वतःचा पायही ओढून दाखवावा लागला असता. फ्रिज बाहेर आला. सगळे वाकून बघायला लागले.

"हे बघा!" मेकॅनिक आनंदानं ओरडला. "कोट! कुणीतरी भिंतीला कोट घातलाय!"

त्यानं कोट ओढला. कोट थोडा आला आणि परत गेला.

"अडकलाय," भाऊजी म्हणाले.

मेकॅनिकनं पुन्हा ओढला. कोटानं पुन्हा मागे ओढून घेतला, यावेळी जरा जोरात.

"साहेब, हा स्वतःहून ओढतोय."

"पलीकडे कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"कोणी नाही," भाऊजी म्हणाले.

"हो," भिंत म्हणाली, "मीच ती कोणी नाही."

कोट खाली पडला. भोकात घामेजलेला चेहरा दिसला, आणि त्याबरोबर कोठीतली कोंडलेली हवा पाहुण्यांच्या अंगावर आली. पुढे उभी असलेली एक बाई नाकाशी रुमाल धरून मागे सरली.

"नमस्कार. मी या घरची थोरली सून. भावाकडे मजेत असते ती मीच. पार्टी चालू द्या, मी येतेच तिकडून."

"वहिनी, पाहुणे आहेत!" भाऊजींच्या तोंडून सवयीनं निघालं.

"म्हणूनच येतेय. एरवी येऊन कुणाला दाखवणार?"

ती आली. स्वयंपाकघराच्या दारानं नाही. बाहेरून वळसा घालून पुढच्या दारानं आली, कारण ते दार तिच्या नवऱ्यानं बसवलेलं होतं. हातात कोट होता. मॅडमच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"कोट तुम्ही मुद्दाम लावला होता?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आधी झोपेसाठी लावला. बुधवारपासून मुद्दाम."

धाकटीला रडू आलं. "एवढा सूड, वहिनी? आम्ही काय कमी केलं तुमचं?"

"उजेड," थोरली म्हणाली. "हवा. नाव. बाकी सगळं पोटभर दिलंत. आणि सूड म्हणाल तर अजून सुरू व्हायचाय." ती भाऊजींकडे वळली. "मी कुठं जाणार नाही. घर त्यांनी बांधलंय, कागदावर अर्धं माझं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि आता इथं सगळ्यांनाच झालं. मला माझी खोली पाहिजे. आत्ता. नाहीतर उद्यापासून रोज पुढच्या दारात खुर्ची टाकून बसेन आणि येईल त्याला भावाकडची खुशाली सांगेन."

भाऊजींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हातातला पेला बघत होत्या. "माझी सासूसुद्धा मला आत बसा म्हणायची," त्या कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. "मी नोकरी करत होते म्हणून बसले नाही. घरी असते, तर बसलेच असते." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "फ्रिज उचलायला माणसं कमी पडतायत का? मी धरते एका बाजूनं."

भाऊजींनी इतक्या वेगानं फ्रिज धरला की मेकॅनिकला त्यांच्यामागे धावावं लागलं.

फ्रिज कोठीत गेला. थोरलीची खाट वाऱ्याच्या खोलीत आली. तिनं पडदा बाजूला सारला, खिडकी उघडली आणि चपला घालून खोलीभर चालून पाहिलं. काही हादरलं नाही. दाराशी धाकटी उभी होती, तिला थोरली म्हणाली, "तिथं बरं पडेल त्याला. वाइनला उजेड सोसत नाही हो."

कोठीतून भाऊजींचा रडवेला आवाज आला. "पण वहिनी, इकडे तर कोंडतंय सगळं. मागची गरम हवा कुठं सोडायची?"

थोरली कोठीत गेली. मेकॅनिक छिन्नी-हातोडी घेऊन तयारच होता. तिनं समोरच्या भिंतीवर थाप मारून पाहिली. त्या भिंतीपलीकडे भाऊजी आणि धाकटीची झोपायची खोली होती.

"इथं पाड," ती मेकॅनिकला म्हणाली.

"किती उंचीवर, ताई?"

थोरलीनं भाऊजींकडे नीट पाहिलं, आणि भिंतीवर खडूनं खूण केली.

"उशीच्या."