माशाचा उपास

तीन वर्षांची वेदिका जेवायची ती माशासमोरच. तिच्या आईने, मधुवंतीने, सगळे उपाय करून पाहिले होते. चिऊ-काऊ झाले, मोबाइल झाला, गॅलरीतून दिसणारी मेट्रो झाली. पोरगी दातांची कवाडं उघडेचना. मग तिच्या बाबाने, सुमंतने, हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी आणून हॉलच्या मधोमध मांडली. तिच्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या केशरी क्लाउनफिशने आ केला की वेदिकाही आ करू लागली. एक घास तिचा, एक चिमूट माशाची. समुद्रापासून इतक्या लांब, रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये, एका मुलीचं पोट एका समुद्री माशाच्या तोंडावर चालू लागलं.

पण चिमटीचिमटीने त्या टाकीत जे पडलं, त्यात एखादं वऱ्हाड जेवलं असतं. उरलेलं पाण्यात कुजलं, नायट्रेट वाढलं आणि त्यावर शेवाळ माजलं. दगडांना हिरवे केस फुटले. ते इतके लांबले की यमुताईंना, म्हणजे सासूबाईंना, त्यांची वेणी घालावीशी वाटू लागली. सुमंतने नायट्रेट मोजायला परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पिवळं राहायचं ते पाणी बिटाच्या कोशिंबिरीसारखं लाल झालं. रविवारपर्यंत हा रंग उतरला नाही, तर टाकी सीताबर्डीच्या दुकानात परत, असं तो म्हणाला.

दुकानदाराने फोनवर सांगितलं की थोडंथोडं पाणी बदला, शेवाळ उपटा आणि काही दिवस माशाला खायला अजिबात घालू नका. मधुवंतीने घरात जाहीर केलं, माशाचा उपास आहे.

यमुताईंना ते मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी आणखी लाल झालं, आणि फिल्टरच्या स्पंजात साबुदाणा सापडला. दाण्याच्या कुटासकट.

"आई, त्याचा उपास होता ना?" मधुवंतीने सासूबाईंना विचारलं.

"म्हणूनच तं उपासाचं देल्लं वं. नुसत्या पोटी कोणी उपास करते का?"

मग मधुवंतीने माशाचं पोट बिघडल्याचं सांगून पाहिलं. यमुताईंनी मऊ भात टाकला, वर मेतकूट. न जेवण्याचं असं एकही कारण या घरात नव्हतं, ज्याच्यासाठी काही ना काही रांधलं जात नव्हतं.

शेवटी तिने सरळ सांगून टाकलं की माशाला आणखी कणभर दिलं तर टाकी जाईल, आणि टाकी गेली तर वेदिका जेवणार नाही. यमुताई टाकीपाशी खुर्ची ओढून पहाऱ्याला बसल्या. जुन्या टूथब्रशने दगड घासायचं कामही त्यांनीच घेतलं.

पण मासा उपाशी, म्हणून वेदिकाही उपाशी. वरणभात निवला.

"आधी त्याला," एवढंच ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटले. मधुवंतीने ताटली पुन्हा पुढे केली.

तेव्हा यमुताईंनी पदर खोचला, टाकीच्या पलीकडे गेल्या आणि जमिनीवर बसल्या. काचेतून, पाण्यातून, त्यांचा चेहरा भलामोठा दिसू लागला. त्यांनी गाल आत ओढून तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. क्लाउनफिश हबकून दगडाआड पळाला.

"आता मीच मासोळी," त्या म्हणाल्या. "आण वं, माहा घास दे."

 टाकीला वळसा घालून वेदिकाने आजीला घास भरवला आणि पळत परत येऊन आपला घेतला. मग रोज दोन्ही वेळा हेच. मधल्या वेळचा खाऊही तसाच.

रविवारी नळीतलं पाणी फिकट नारिंगी निघालं. सुमंतने ते उजेडात धरून नीट पाहिलं आणि राहू दे म्हणाला. मधुवंतीने सगळ्यांची ताटं वाढली. यमुताई टाकीपलीकडे पोटावर हात ठेवून बसल्या होत्या; त्यांना आता अन्नाचा वाससुद्धा नको होता. तेवढ्यात वेदिका मुठीत घास घेऊन निघाली. यमुताईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, गाल आत ओढले आणि तोंड उघडलं.