जाळीतला स्विंग

गोल्फ शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या त्या म्हाताऱ्याला मैदानावर सगळे 'घड्याळ' म्हणत. त्याचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, होताच तसा. पहिला फटका आणि हजारावा फटका यांत फरक काढून दाखवा म्हणावं. जिभेला मात्र असला काही नेम नव्हता. ती कधीही, कुणावरही चाले आणि पोटच्या लेकीवर जरा जास्तच चाले.

लेक चौतीस वर्षांची. मैदानावर नवशिक्यांना शिकवायची, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतायची. उरलेल्या वेळात बापाचं जेवण, बापाची औषधं, बापाचे टोमणे. अशात दुसऱ्या गावच्या मैदानावर प्रशिक्षकाची जागा निघाली. राहायला दोन खोल्या, वयाची अट पस्तीसच्या आत. परीक्षा सात महिन्यांनी होती आणि साधी होती: दहा बॉल मारायचे, त्यातले सात दोन झेंड्यांच्या मधे पडले पाहिजेत. या घरातून सुटायची हीच पहिली आणि शेवटची संधी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी बसवतो तुझा हात," बाप म्हणाला. तिचा आधी कानांवर विश्वासच बसेना.

घरामागच्या गॅरेजात जाळी टांगलेली होती. रोज सकाळी सहाला बाप खुर्चीत आणि ती जाळीसमोर. पहिल्याच दिवशी त्यानं काठीवरचा तिचा डावा हात अर्धं बोट फिरवला. "इथे. हलला तर याद राख." वर अट घातली, की परीक्षेपर्यंत उघड्यावर एकही बॉल मारायचा नाही, शिकवतानाही नाही. "तिथे गेलीस की डोळे बॉलच्या मागे पळतात आणि खांदा डोळ्यांच्या मागे. आधी हात बसू दे."

बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरी एकदा ती भीत भीत म्हणालीच, "बाबा, ही पकड जरा वेगळी वाटते."

"चाळीस वर्षं मी तिथे काय गवत उपटत होतो?"

तिनं निमूट हात पुन्हा तिथेच ठेवला.

असे सात महिने गेले. तळव्यांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. हळूहळू हिसका गेला, घाई गेली. काठी वर जायची, क्षणभर थांबायची आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी खाली यायची. जाळी दोन पावलांवर. बॉल धप्पकन तिच्यात अडायचा, पुढे कुठे गेला असता ते कुणाला दिसणार?

परीक्षेत पहिला बॉल झकास उडाला आणि सावकाश उजवीकडे वळत झेंड्यांच्या चाळीस पावलं बाहेर पडला. दुसरा तिथेच. तिसराही तिथेच. तिनं पाय बदलून पाहिले, खांदा बदलून पाहिला, पण हात ऐकेना. दहाच्या दहा बॉल एका चादरीखाली झाकता आले असते.

परीक्षक बाई भल्या होत्या, हेच वाईट. "इतका सुरेख स्विंग मी कित्येक वर्षांत पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "पण हा डावा हात कुणी शिकवला तुम्हाला? बॉल उजवीकडेच जाणार. आणि इतका मुरलाय, की मोडायला दोन वर्षं लागतील."

ती घरी आली तेव्हा बाप दारातच उभा होता. पास की नापास, काही विचारलं नाही.

"सगळे उजवीकडे ना? एकाच जागी?"

 बापानं केसानं गळा कापला होता आणि वर विचारत होता, नीट कापला ना.

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच बसवलाय, मला नसेल माहीत? तुझी आई घर सोडून गेली तेव्हा मी नुसता बघत बसलो. एकदा चुकलो." आवाजात लाजेचा मागमूस नव्हता. "तू गेलीस तर माझ्याकडे कोण बघणार? शेजारी?"

ती सरळ गॅरेजात गेली, डावा हात बापानं बदलायच्या आधी होता तसा फिरवून घेतला आणि मारायला लागली. एक बॉल खांबावर आपटला, एक जमिनीत घुसला. वीस झाले, तीस झाले. बाप मागून येऊन खुर्चीत बसला. पन्नासाव्या फटक्याच्या आसपास थकलेला हात आपोआप सरकून त्यानं नेमून दिलेल्या जागी बसला. काठी वर गेली, थांबली, खाली आली.

"वा!" बाप म्हणाला. अगदी मनापासून, आणि आयुष्यात पहिल्यांदाच.

तिला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच शिसारी आली, आणि तिनं पुढचा बॉल ठेवला.